परदेशी क्लबकडून व्हॉलीबॉल खेळायचे आहे: औसा तालुक्यातील एका पालकांना उत्तर

नमस्कार. आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. मुलगा सतरा वर्षांचा आहे, उंची सहा फूट दोन इंच आहे, अकरावी विज्ञानला असून लातूरला नीटचा क्लास लावला आहे. शालेय स्पर्धांत तो विभागापर्यंत खेळला आहे आणि संघात सेंटरला, म्हणजे नेटजवळ मधोमध, उभा राहतो. त्याला परदेशातील क्लबकडून खेळणारा व्यावसायिक खेळाडू व्हायचे आहे. ओळखीतून भेटलेल्या एका गृहस्थाने दीड लाख रुपये भरल्यास युरोपातील क्लबची चाचणी मिळवून देतो, असे सांगितले आहे. पैसे भरावेत का, क्लास सोडावा का आणि हे मुळात शक्य आहे का, असे आपले तीन प्रश्न आहेत.

पैसे भरू नयेत. हे सर्वांत आधी सांगतो, कारण त्यावर आपल्याला तातडीने निर्णय घ्यायचा असावा. त्याची कारणे पुढे देतो. उरलेल्या दोन प्रश्नांना मात्र इतके सरळ उत्तर नाही. मी विद्यापीठाच्या आणि नंतर एका सरकारी खात्याच्या संघातून खेळलो आणि आता बऱ्याच वर्षांपासून परभणीत मुलांना व्हॉलीबॉल शिकवतो. माझ्या मैदानावर घडलेली बहुतेक चांगली मुले खात्यांच्या संघांत गेली, मोजकी बाहेरच्या देशांत हंगामी करारावर खेळून आली. त्या अनुभवावरून मला असे वाटते की परदेशी क्लब मिळेल की नाही, हा आपल्यापुढचा आजचा प्रश्नच नाही. पुढची चार वर्षे मुलाने कोणत्या जागेवर खेळावे आणि रोज कोणाविरुद्ध खेळावे, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बरोबर निघाले तर क्लबचा विचार विसाव्या-एकविसाव्या वर्षी करता येतो. चुकले तर कोणत्याही मध्यस्थाचा उपयोग होत नाही.

आधी या व्यवसायाची रचना समजून घेऊ. भारताच्या संघातून खेळणे आणि परदेशी क्लबकडून मानधन घेऊन खेळणे हे दोन वेगळे मार्ग आहेत, जरी ते पुढे एकमेकांना मिळत असले तरी. युरोपातील क्लबचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून एप्रिल-मेपर्यंत चालतो आणि उन्हाळ्याचे महिने देशांच्या संघांसाठी मोकळे ठेवलेले असतात. क्लबचे लोक या उन्हाळी स्पर्धांतून खेळाडू हेरतात. देशांच्या संघांसाठी २०१८ पासून सुरू झालेल्या व्हॉलीबॉल नेशन्स लीग या स्पर्धेत भारत नाही आणि ऑलिंपिकमध्ये आपला व्हॉलीबॉल संघ आजवर पोहोचलेला नाही. त्यामुळे भारतीय खेळाडू जगाला दिसतो तो मुख्यतः आशियाई स्पर्धांतून. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत, २०२३ मध्ये, आपल्या पुरुष संघाने दक्षिण कोरियाला पाच सेटमध्ये हरवले आणि सहावा क्रमांक मिळवला. असा एखादा सामना खेळाडूंची नावे बाहेर नेण्यासाठी वर्षभराच्या पत्रव्यवहारापेक्षा अधिक उपयोगी पडतो.

आता परदेशी क्लब पैसे कशासाठी देतात ते पाहा, कारण आपल्या मुलाच्या बाबतीत सगळे इथेच अडले आहे. बहुतेक देशांच्या लीगमध्ये बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते. दक्षिण कोरियात प्रत्येक संघाला एक परदेशी खेळाडू घेता येतो आणि २०२३-२४ च्या हंगामापासून आशियाई कोट्यातून आणखी एक. जागा इतक्या थोड्या असल्या की क्लब त्या गुण मिळवून देणाऱ्यासाठी राखतो, म्हणजे युनिव्हर्सलसाठी (समोरून येणारी सर्व्हिस न घेता मुख्यतः मारणारा) किंवा अटॅकरसाठी (मारण्याबरोबर सर्व्हिसही घेणारा). सेंटर ब्लॉकर, लिबेरो (फक्त मागच्या ओळीत खेळणारा बचावपटू) या जागा शक्यतो स्वदेशी खेळाडूंनी भरल्या जातात. परदेशी सेंटर घेतलाच, तर तो स्थानिक खेळाडूंपेक्षा स्पष्टपणे उंच आणि अधिक चपळ असावा लागतो. जागतिक स्तरावरचे बहुतेक सेंटर दोन मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच असतात.

आपला मुलगा १८८ सेंटिमीटर आहे. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या मैदानावर तो सगळ्यांत उंच असणार, म्हणून शिक्षकांनी त्याला नेटजवळ मधोमध उभे केले. आपल्या भागात हे सर्रास होते आणि शाळेचा संघ जिंकवायचा असेल तर ते चूकही नाही. पण त्यातून मुलाचे दीर्घकालीन नुकसान होते. सेंटरचा खेळाडू मागच्या ओळीत गेला की त्याच्या जागी लिबेरो येतो. परिणामी हा मुलगा सर्व्हिस घेत नाही, अंडरहँड पास देत नाही, मागच्या ओळीतून मारत नाही आणि बचावात चेंडू उचलत नाही. चार वर्षे असा खेळल्यावर त्याला दोनच गोष्टी येतात: ब्लॉकला हात लावणे आणि लिफ्टरने (मारणाऱ्यांना चेंडू उचलून देणारा खेळाडू) जवळ दिलेला छोटा चेंडू मारणे. पुढे राज्याच्या शिबिरात १९८ सेंटिमीटरचा दुसरा मुलगा शेजारी उभा राहतो आणि निवड समितीला फार विचार करावा लागत नाही.

याच उंचीचा अटॅकर मात्र जगात चालतो. जपानचा रान ताकाहाशी १८८ सेंटिमीटरचा आहे. तो इटलीत पाडोवा आणि मोंझा या क्लबांकडून खेळला आणि त्याचे मोल जितके त्याच्या फटक्याला आहे तितकेच त्याच्या सर्व्हिस घेण्याला आणि बचावाला आहे. युजी निशिदाही १९० सेंटिमीटरच्या आतला आहे, पण तो डावखुरा युनिव्हर्सल असून त्याची उडी विलक्षण आहे, आणि तशी उडी अपवादानेच असते. म्हणून मी मुलांना ताकाहाशीचा खेळ पाहायला सांगतो. माझा स्पष्ट सल्ला असा की याच वर्षी मुलाची जागा बदलावी आणि त्याला सर्व्हिस घेणारा अटॅकर म्हणून घडवावे. त्याचा हात मऊ असेल, चेंडू बोटांत शांतपणे बसत असेल आणि सामन्याच्या धांदलीत त्याचे डोके थंड राहत असेल, तर लिफ्टरचाही विचार करावा. उंच लिफ्टर आपल्याकडे कमी आहेत आणि ब्लॉकच्या वेळी त्याच्या उंचीचा संघाला फायदा होतो. दोन्हींपैकी काय, हे मुलाला पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही.

जागा बदलल्यावर पहिले वर्ष कठीण जाते. नेटजवळ ज्याचा दबदबा होता तो मुलगा मागे उभा राहून सोप्या सर्व्हिस सोडू लागतो, प्रेक्षक आवाज करतात, शिक्षक त्याला परत सेंटरला नेऊ पाहतात. त्या वेळी घरच्यांनी धीर धरणे फार महत्त्वाचे असते. आमच्याकडे सर्व्हिस घेण्याचा सराव असा चालतो: समोरून दोघे जण आलटून पालटून फ्लोट (न फिरता हवेत डगमगत येणारी) सर्व्हिस करतात, मुलगा पन्नास चेंडू घेतो आणि प्रत्येकाला शून्य ते तीन असे गुण दिले जातात. चेंडू थेट लिफ्टरच्या हातात, नेटपासून हातभर अंतरावर गेला की तीन. लिफ्टरला दोन-चार पावले हलावे लागले, तरी तिन्ही बाजूंना चेंडू देता आला तर दोन. केवळ उंच चेंडू देऊन वेळ भागवावी लागली तर एक. चेंडू गेला तर शून्य. सरासरी वहीत तारखेसह लिहिली जाते. सुरुवातीला बहुतेक मुले एकाच्या आसपास असतात. सरासरी दोनच्या वर स्थिरावली की आम्ही उडीच्या सर्व्हिसवर नेतो, आणि तिथे ती पुन्हा खाली येते. या वहीचा खरा उपयोग मुलाला होतो, कारण सामन्यातल्या आरडाओरड्यापेक्षा स्वतःच्या आकड्यांवर त्याचा विश्वास बसू लागतो.

आमच्या मराठवाड्यातल्या मैदानांविषयी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. गावोगावी शूटिंग व्हॉलीबॉल जोमात खेळला जातो, जत्रा-उरुसाला रात्रीच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा होतात, बक्षिसांच्या रकमाही लहान नसतात आणि उंच, ताकदवान मुलाला लगेच बोलावणे येते. मला त्या खेळाबद्दल आदर आहे. मनगटाची ताकद आणि नजर त्यातून तयार होते. परंतु राष्ट्रीय निवड, विद्यापीठ, खात्यांची भरती आणि परदेशी क्लब हे सगळे स्मॅशिंगवर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांच्या व्हॉलीबॉलवर, चालते. दोन्ही खेळांत चेंडू हाताळण्याची सवय इतकी वेगळी आहे की सतरा ते वीस या वयात दोन्ही एकत्र करू नयेत, असे माझे मत आहे.

आता शरीर. पुरुषांच्या नेटची उंची २.४३ मीटर असते. १८८ सेंटिमीटरच्या मुलाचा हात उभ्याने वर केल्यावर साधारण २४५ सेंटिमीटरपर्यंत जातो. धावत येऊन त्याने ७५ सेंटिमीटर उडी मारली तर बोटे ३२० ला लागतात. जागतिक दर्जाच्या अटॅकरचा हात ३४० च्या आसपास किंवा त्याच्याही वर जातो. आपल्या मुलाचा आकडा आज किती आहे, हे तुम्हाला घरच्या घरी कळू शकते: शाळेच्या भिंतीवर टेपने खुणा कराव्यात, मुलाच्या बोटांना खडू लावावा आणि नेहमीच्या धावेने तीनदा उडी मारायला लावून सर्वांत वरची खूण मोजावी. दर तीन महिन्यांनी हे करावे. उंची विचारणारे लोक हौशी असतात. जाणकार प्रशिक्षक ही पोहोच विचारतो.

पोहोच वाढवण्याच्या नादात गुडघे घालवू नका. या खेळात घोटा मुरगळणे सर्वाधिक होते, पण कारकीर्द खाऊन टाकतो तो गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधाचा जुनाट त्रास. सिमेंटच्या अंगणात दोरीवरच्या उड्या आणि पायऱ्यांवरच्या उड्या रोज मारणारी मुले अठराव्या वर्षी वाटीखाली बोट दाबले की कळवळतात. मातीचे मैदान पाणी मारून, चोपून नीट केलेले असेल तर ते सिमेंटपेक्षा कितीतरी बरे. आठवड्यातून दोन दिवस वजन घेऊन सावकाश बैठका, पोटरीचा व्यायाम, आणि सामन्यांच्या आठवड्यात उड्यांची संख्या कमी, एवढे पाळले तरी पुष्कळ फरक पडतो. दुखत असताना इंजेक्शन घेऊन खेळवू नये. व्यायामशाळेतल्या डब्यांतील पावडरीही तपासल्याशिवाय देऊ नयेत, कारण उत्तेजक चाचणीत दोष सापडला तर ‘मला माहीत नव्हते’ या उत्तराने सुटका होत नाही; खेळाडूच्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते.

यानंतर येतो तो कुठे खेळावे हा प्रश्न. औशात राहून तो लातूर जिल्ह्यातला उत्तम खेळाडू होईल, पण त्यापुढे त्याला त्याच्याहून सरस मुलांबरोबर रोज खेळावे लागेल. ज्या संघात तो सर्वोत्तम आहे त्या संघात त्याची वाढ होत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. बारावीनंतर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ किंवा छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ यांच्या क्षेत्रातले एखादे खरोखर सराव करणारे महाविद्यालय पाहावे, किंवा पुणे-मुंबईत, शक्य असल्यास दक्षिणेत जावे. महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका. सायंकाळी पाच वाजता मैदानावर जा, किती मुले सरावाला येतात ते मोजा आणि प्रशिक्षक रोज येतो का, ते तिथल्या शिपायाला विचारा. विद्यापीठ संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळली की केरळ, तमिळनाडू, पंजाब, हरियाणाची मुले समोर येतात आणि आपण कुठे आहोत ते दोन सामन्यांत कळते.

त्यापुढची पायरी म्हणजे खात्याचा संघ: रेल्वे, सैन्यदल, पोलीस, सार्वजनिक कंपन्या. अनेक पालक याला स्वप्न सोडून दिल्यासारखे मानतात, आणि मला ते मान्य नाही. भारतात वर्षभर पगार, प्रशिक्षक आणि वरच्या दर्जाचे सामने एकत्र मिळण्याची हीच जागा आहे. २०२२ पासून सुरू झालेल्या प्राइम व्हॉलीबॉल लीगमुळे परदेशी खेळाडूंच्या खांद्याला खांदा लावून खेळता येते. मुंबई मीटिअर्सच्या रूपाने महाराष्ट्राचाही संघ तिथे आहे. पण ती सुमारे महिनाभर चालते आणि उरलेले अकरा महिने खेळाडूला कुठेतरी सराव करावाच लागतो. केरळच्या जिमी जॉर्जचे उदाहरण पाहा. केरळ विद्यापीठाकडून खेळत तो पुढे आला, केरळ पोलिसांत दाखल झाला, १९७९ मध्ये अबू धाबीच्या क्लबकडून खेळायला गेला आणि मग १९८२ मध्ये इटलीच्या क्लबकडे. आशियातल्या उत्तम खेळाडूंत ज्याची गणना झाली, तोसुद्धा विद्यापीठ आणि खाते या पायऱ्या चढूनच गेला होता.

नीटच्या क्लासविषयी माझे मत आपल्याला कदाचित आवडणार नाही. बारावी सोडू नये, हे निश्चित. परंतु लातूरचा क्लास, त्याच्या चाचण्या, प्रवास आणि शिवाय रोज तीन तासांचा सराव हे सर्व एका मुलाच्या अंगावर टाकले तर दोन्हींचे अर्धेच पदरात पडते. मुलाला डॉक्टर होण्याची स्वतःची इच्छा आहे का, हे आधी त्यालाच शांतपणे विचारा. नसेल, तर क्लास बंद करून बारावी चांगल्या गुणांनी पूर्ण करावी आणि पदवीसाठी असा विषय घ्यावा ज्यात हजेरी आणि सराव जुळतील. इच्छा असेल, तर खेळाचे ध्येय विद्यापीठ संघापर्यंत ठेवावे. त्यातही कमीपणा नाही. शिक्षण आणि परदेशी क्लब हे एकत्र चालतात. जपानचा युकी इशिकावा चुओ विद्यापीठात शिकत असतानाच २०१४ मध्ये इटलीच्या मोडेना क्लबकडे गेला, परत येऊन शिकला, पुन्हा गेला आणि आता तो तिथल्या आघाडीच्या क्लबांतून खेळलेला खेळाडू आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ घेण्यासाठी स्पर्धेची प्रमाणपत्रे जपून ठेवावीत आणि वेळेवर पडताळून घ्यावीत. पदवी हातात नसेल तर वरच्या पदांसाठी त्या आरक्षणाचा उपयोग होत नाही.

आता त्या दीड लाखांकडे येऊ. परदेशी क्लबकडून खेळण्यासाठी आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र लागते. ते खेळाडूच्या देशाचा महासंघ, ज्या देशात जायचे तिथला महासंघ, क्लब आणि खेळाडू या सर्वांच्या संमतीने, आंतरराष्ट्रीय महासंघाच्या संगणकीय व्यवस्थेतून मिळते. ते हातात नसताना तिथल्या अधिकृत लीगमध्ये मैदानावर उतरता येत नाही. या साखळीत खेळाडूने मध्यस्थाला आगाऊ पैसे द्यावेत असा टप्पा कुठेच नाही. प्रामाणिक एजंटचे मानधन करार झाल्यावर, कराराच्या रकमेच्या प्रमाणात ठरते आणि बऱ्याचदा क्लबच ते देतो. आंतरराष्ट्रीय महासंघ परवानाधारक एजंटांची यादी ठेवतो. त्या गृहस्थांचे नाव त्या यादीत आहे का, एवढे त्यांना विचारून पाहा. ज्या मुलाने अजून राज्याचा संघ पाहिलेला नाही, त्याला कोणताही युरोपीय क्लब चाचणीला बोलावत नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या युवा संघात त्याच्या वयाची मुले रांगेत उभी असतात. पर्यटक व्हिसावर नेऊन एखाद्या हौशी क्लबच्या सरावात उभे करणे आणि फोटो काढून परत आणणे, एवढ्यावर अशा सहली संपतात.

खरा करार पुढे कधी आला तर तो साधारण एका हंगामाचा असेल. त्यात राहण्याची सोय, विमानाचे जाण्या-येण्याचे तिकीट, वैद्यकीय विमा, हप्ते कोणत्या तारखेला आणि दुखापत झाल्यास काय, हे सगळे लेखी असले पाहिजे. माझ्या मैदानावरचा एक मुलगा आशियातल्याच एका लहान लीगमध्ये गेला होता. करारात शेवटच्या दोन महिन्यांची रक्कम ‘स्पर्धा संपल्यावर’ एवढेच लिहिले होते, तारीख नव्हती, आणि ती रक्कम त्याला मिळाली नाही. तो खेळाडू म्हणून मात्र समृद्ध होऊन आला, कारण तिथे रोज त्याच्याकडून गुणांची अपेक्षा होती; परदेशी खेळाडूने दोन सामने खराब खेळले की त्याच्या जागी दुसरा शोधायला क्लब सुरुवात करतो. पहिल्याच झेपेत इटली किंवा पोलंड मिळेल, असे धरून चालू नये. आपल्या खेळाडूंची सुरुवात शेजारच्या लहान लीगमधून होणे अधिक संभवते.

कागदपत्रांची एक अडचण आपल्या भागात नेहमी येते. शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीतली जन्मतारीख वेगळ्या असतात. एक जून ही तारीख लावून मोकळे होण्याची जुनी सवय अजून पूर्ण गेलेली नाही. वयोगटाच्या स्पर्धांत यावरून अपात्र ठरलेली चांगली मुले मी पाहिली आहेत, आणि मनगटाच्या क्ष-किरण तपासणीनेही वयाची खात्री केली जाते. जन्म दाखला, आधार, शाळेची नोंद आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी नाव आणि तारीख अक्षर न् अक्षर जुळते आहे का, ते याच महिन्यात पाहून घ्या.

माझ्या या सगळ्या म्हणण्यातले काय बदलू शकते, तेही लिहितो. मुलाची उंची अजून वाढत असेल आणि तो १९५ च्या पुढे गेला, तर युनिव्हर्सलचा पर्याय खुला होतो आणि सर्व्हिस घेण्यावरचा माझा जोर थोडा कमी होईल. तो डावखुरा असेल तर युनिव्हर्सलचा विचार आजच करावा. घरची परिस्थिती अशी असेल की दोन वर्षांत त्याने कमावणे गरजेचे आहे, तर सैन्यदल किंवा पोलिसांतील खेळाडू भरतीला पहिले स्थान द्यावे. आणि त्याला हा खेळ सामना जिंकल्यावरच आवडतो की सकाळच्या कोरड्या सरावातही आवडतो, हे आपल्याला त्याच्या आईला विचारूनच कळेल, कारण सकाळी पाचला त्याला उठवावे लागते की तो आपणहून उठतो, हे त्यांना ठाऊक असते.

पुढील सल्ला हवा असल्यास मला मुलाची भिंतीवर मोजलेली पोहोच, तो कोणत्या हाताने मारतो ते आणि एका संपूर्ण सेटचे चित्रीकरण पाठवा. मोबाइल मागच्या रेषेच्या पाठीमागे, मधोमध, शक्य तितक्या उंचीवर ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. निवडक फटके कापून जोडू नयेत. मला त्याचे चुकलेले चेंडू पाहायचे आहेत, आणि चेंडू चुकल्यानंतर पुढच्या सर्व्हिससाठी तो कुठे जाऊन उभा राहतो, तेही.